चौथं लिंबू

व्यंकटने लिंबांची पिशवी खुंटीला अडकवली आणि आपल्या लेकीला, तनुजाला सांगितलं, "काकीला म्हनावं, चार आजच्या पूजेची. बाकीची उद्याच्या गाडीची."

काकी, म्हणजे उज्वला, पाच हातांवर बसून झेंडूच्या माळा ओवत होती. तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. पण थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही ही या घरची रीत, आणि उज्वलाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी व्यंकट ती पाळत आला होता. तनुजाने तीन पावलं चालून येऊन तोच निरोप पुन्हा सांगितला. उज्वलाने पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवली.

खंडेनवमी होती. कुदळी, विळे, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओट्यावर मांडलं होतं आणि अंगणात पिकअप उभी होती, नदीवरून आणलेल्या म्हशीसारखी ओली आणि चकचकीत. तिची या घरातली ही शेवटची पूजा. डिझेल उन्हाळ्यापासून चढत चाललं होतं, आणि सहा कॅरेट वांगी नि कोथिंबीर अहमदपूरला न्यायला रोज एवढं धूड पळवणं परवडत नव्हतं. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत तिचा हौदा भरायचा, बाकी दहा महिने निम्मा रिकामाच धावायचा. म्हणून ती देऊन बॅटरीवरची तीनचाकी मालगाडी घ्यायची, घरीच चार्जिंगला लावायची, आणि राशीपुरता टेम्पो भाड्याने बघायचा, असं व्यंकटने ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे एका संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं. त्याची पद्धतच तशी. विहिरीवरची मोटर त्याने बदलली तेव्हा घरच्यांना ते मोटरचा आवाज बदलल्यावर कळलं होतं.

त्याच्या बोलण्यात खोट काढायला कुणाला जागा सापडली नाही. तरी हौस अशी कुणी दाखवली नाही. पिकअपच्या काचेवर लाल-पिवळ्या रेडियमने 'व्यंकट-किशन' लिहिलेलं होतं आणि अकरा वर्षं हे दोघे भाऊ त्या नावामागे शेजारी शेजारी बसून मंडईला जात होते. नव्या गाडीत पुढे एकच माणूस बसतो. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती, फक्त बोललं कुणी नव्हतं.

उज्वलाने पिशवी परातीत ओतली. आजची चार लिंबं वेगळी काढली आणि उरलेली मोजली. चार भरली. तिने पुन्हा मोजली, पिशवी उलटी करून झटकली, तरी चारच.

आता लिंबं मोजून कुणाचं काय बिघडणार, असं दुसऱ्या कुणाला वाटेल. पण या घरात लिंबांचा कायदा होता. उज्वलाने फक्त फोटोत पाहिलेल्या तिच्या सासूने, कावेरीबाईंनी, तो घालून दिलेला: जितकी चाकं तितकी लिंबं. कमी नाही की जास्त नाही. व्यंकट एरवी देवाधर्माकडे फिरकत नसे, पण आईचा हा शब्द त्याने कधी मोडला नाही. घरात मोटारसायकल होती त्या काळात एकदा ती ऐनवेळी दुरुस्तीला राहिली, तेव्हा तिच्या वाट्याची दोन लिंबं हा गडी गावात जाऊन परत देऊन आला होता.

असा माणूस तीन चाकांसाठी चार लिंबं कशी आणेल? मग उद्या चाकंच चार येणार असतील. चारचाकी तर शक्य नव्हती, डिझेलसाठीच ही सगळी उठाठेव. उरल्या दोन चाकांच्या दोन गाड्या. एक थोरल्याची, एक धाकट्याची. पिकअप काही मधोमध कापता येत नाही, पण दोन मोटारसायकली बिनबोभाट वाटता येतात. उज्वलाचा हात परातीवरच थांबला. धर्माबादला तिच्या माहेरी हे असंच सुरू झालं होतं. आधी दुसरी शेगडी आली, पाहुण्यांच्या स्वयंपाकाला म्हणून. वर्षभरात तिचे आईवडील मागच्या खोलीत गेले आणि मिरचीचा सगळा व्यापार काकांकडे राहिला. तिच्या आईला शेगडी दिसली होती, पण तिने तेव्हा तोंड उघडलं नाही. उज्वलाने ठरवलं होतं की आपण आईसारखं आंधळं राहायचं नाही.

ती परात घेऊन स्वयंपाकघरात गेली. थोरली जाऊ सिंधु कडाकण्या लाटत होती. उज्वला म्हणाली, "जाऊबाई, उद्या गाडी तीन चाकाचीच येनार ना?"

"मग किती चाकाची येनार?"

"न्हाई, सहज इचारलं."

सहज विचारलं म्हणणारी बाई सहज विचारत नसते, हे सिंधुला पंचवीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलं होतं. उज्वला बाहेर गेली तशी तिने परातीकडे पाहिलं, आणि पिठाच्या हातानेच लिंबं मोजली. मग लाटणं बाजूला ठेवून ती पाटावर नुसती बसून राहिली.

पंधरा दिवस तिच्या मनात एक गोष्ट कुरतडत होती. व्यंकट फोन घेऊन गोठ्यामागे जायचा. ती शेणाची पाटी घेऊन तिकडे गेली की "बरं, बरं, मग बोलतो" म्हणून तोडायचा. आधी तिला वाटलं, त्याचा गुडघा जास्त दुखतोय आणि डॉक्टरचं काही लपवतोय. आता तिला वाटलं, गुडघ्याचं कसलं, हा भावाला वेगळं काढतोय. आणि भाऊ म्हणजे कोण? ती या घरात आली तेव्हा किशन सात वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी कावेरीबाई गेल्या, आणि त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं सिंधुने केलं. तिच्या पोटची तनुजा पुष्कळ उशिरा आली. किशन तिचा पहिला लेक होता, आणि त्याला तोडायचं तिच्या नवऱ्याने तिला न विचारता ठरवलं होतं. तिला नवऱ्याचा राग आला, आणि असं परातीवरून कळावं याची लाजही वाटली.

ती तशीच उठून अंगणात गेली. किशन पिकअपच्या आरशाला आंब्याची डहाळी बांधत होता.

"किशन, दादा तुला काही बोलला का?"

"कशाबद्दल?"

"गाडीबद्दल. पुढचं कसं काय ते."

"न्हाई. तुमाला काय बोलला, वैनी?"

"मला कोन सांगतंय," सिंधु म्हणाली आणि परत फिरली.

बिचारीने खरं तेच सांगितलं होतं. पण किशनला ते खरं वाटलं नाही. घटकाभरापूर्वीच उज्वलाने त्याला लिंबांची गोष्ट सांगितली होती आणि त्याने ती हसण्यावारी नेली होती. "लिंबावरून वाटनी करून राहिली का तू," असं म्हणून त्याने तिची थट्टा केली होती. आता वहिनी येऊन विचारत होती, तेही डोळ्याला डोळा न देता. वहिनीला दादाचं सगळं माहीत असतं. म्हणजे आपल्याला कितपत कळलंय ते बघायला तिला पाठवलेलं होतं. किशनचं हसू तिथे संपलं.

त्याने नांदेडला बहिणीला फोन लावला. अयोध्या दोघांच्या मधली, आणि तिच्या पोटात काही राहत नाही अशी तिची ख्याती. सणाचं, पोरांचं, नांदेडच्या गर्दीचं बोलून झाल्यावर त्याने नव्या गाडीचा विषय काढला. तशी तिने पुन्हा पोरांचंच काढलं. किशनने फारच नेट लावला तेव्हा म्हणाली, "दादानं मला शपथ घातलीय. किशनला आधी कळू देऊ नको म्हनला. उद्या बघशीलच की तू."

तिने हे हसत हसत सांगितलं होतं. किशनला हसणं ऐकू आलं नाही, शपथ तेवढी ऐकू आली.

दुपारी पूजा झाली. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली, नारळ फुटला. दरवर्षी लिंबांवरून गाडी पुढे घ्यायचा मान व्यंकटचा. या वर्षी त्याने चावी किशनच्या हातात दिली. "आज तू घे," एवढंच म्हणाला. किशनने गाडी पुढे घेतली. चाकांखाली लिंबं फुटल्याचं त्याला आसनावर बसल्या बसल्या जाणवलं. अकरा वर्षांत न मिळालेला मान आज कशासाठी, हे कोडं त्याने आपल्या मनाशी लगेच सोडवलं. निघून जाणाऱ्या माणसाच्या ताटात आपण जास्तीचं वाढतो, तसंच हे. शेजारच्या रिकाम्या जागेकडे त्याने बघितलं नाही.

ऊन उतरल्यावर तो शेतात गेला. त्याचे वडील शेषेराव राशीपाशी ताडपत्रीची टोकं दगडाने दाबत होते. म्हाताऱ्याने सत्तरी ओलांडली होती, पण राशीला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपत नसे. किशनने एक दगड उचलून दिला, दुसरा दिला, आणि तिसरा हातातच धरून उभा राहिला.

"आबा, करायचंच असंल तर तुमच्या डोळ्यांदेखत करा."

"काय करायचं?"

"वाटनी. माझं मला येगळं काढून द्या. दादाला सांगायला जड जात असंल तर मीच म्हनतो."

शेषेरावांनी त्याच्या हातातला दगड घेतला आणि जागेवर ठेवला. त्यांचा सख्खा भाऊ माणिकप्पा शिरूर अनंतपाळला राहत होता, आणि एका विहिरीवरून वेगळे झाल्यापासून दोघे एका पंगतीला बसले नव्हते. एकमेकांच्या घरची लग्नंसुद्धा त्यांनी पत्रिकेतच पाहिली. आपण जिवंत आहोत तोवर आपल्या घरात हा शब्द निघणार नाही, अशी शेषेरावांची समजूत होती. तो निघाला, आणि ज्याच्याकडून कधीच निघणार नाही असं वाटायचं त्या धाकट्याच्या तोंडून निघाला. हे याचं स्वतःचं डोकं नव्हे, असं त्यांना वाटलं. उज्वलाने भरवलं असावं. की थोरल्यानेच असं काही केलं, की धाकट्याला बोलावं लागलं? की सिंधुने? एका क्षणात म्हाताऱ्याने घरातल्या प्रत्येकाला उभं करून पाहिलं आणि कुणालाच सोडलं नाही.

"घरात कुनाला बोललास?"

"न्हाई."

"उद्या गाडी येऊ दे. सोनं वाटून झालं की बोलू."

किशन बांधावरून घरी गेला. शेषेराव मुद्दाम मागे राहिले आणि दुसऱ्या वाटेने आले, म्हणजे दोघे एकत्र आलेले कुणाला दिसू नयेत. दोघे वेगवेगळ्या वाटांनी येताना तनुजा मात्र ओट्यावर बसून सगळं बघत होती.

दसऱ्याला सकाळी व्यंकट अहमदपूरहून नवी गाडी स्वतः चालवत घेऊन आला. त्याच्या मागे मोटारसायकलवर दोघे जण होते, त्यातला एक पिकअप घेऊन जाणार होता. गाडीला आवाज असा नव्हताच, त्यामुळे ती दारात येऊन थांबली तरी सिंधुला कळलं नाही. ती ताट घेऊन धावत आली. हिरवी, बुटकी, तीन चाकांची गाडी. किशन फाटकाशी उभा राहून रस्त्याकडेच बघत होता.

"दुसरी कुठंय?" त्याने विचारलं.

"दुसरी कोनती?" व्यंकट गुडघा धरून खाली उतरला.

तेव्हा सगळ्यांची नजर काचेवर गेली. काच लहानशी, जेमतेम ताटाएवढी. तिच्यावर लाल-पिवळ्या रेडियममध्ये एकच नाव होतं. किशन.

किशनला आपली चूक तिथेच उमगली असती. पण त्याच्यामागे उज्वला उभी होती, आणि तिला ते नाव वेगळंच दिसलं. नाव घातलं म्हणजे वाटा ठरवला. ही तुमची, आता बाकीचं विचारू नका. ती दोन पावलं पुढे आली, आणि नऊ वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने केलं. ती दिराशी थेट बोलली.

"भावजी, मग एवढीच का आमची?"

व्यंकटने तिच्याकडे न बघता लेकीकडे बघितलं, सवयीने. "तनुजा, काकीला सांग, काच लहान हाय. दोन नावं बसंनात म्हनला रेडियमवाला. माझा गुडघा आता रोजचं जानं सहन करत न्हाई. मंडईला किशनच जानार, मी शेत बघनार. म्हनून त्याचं घातलं." मग तो म्हणाला, "पंधरा दिवस त्या रेडियमवाल्याच्या मागं लागलो होतो. अयोध्येला तेवढं सांगितलं होतं. म्हनलं, किशनला एकदम दिसू दे."

तनुजाने निरोप पुन्हा सांगितला नाही. गरजच नव्हती.

सिंधु पुढे झाली. तिने तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली, आणि ताटात उरलेलं चौथं नवऱ्यासमोर धरलं. "आन हे कुन्या चाकाचं?"

"ते व्हय? नीलाबाईनं वरून टाकलं. सात सांगितली होती. सनाचं ऱ्हाऊ द्या म्हनली. नको म्हनलं तर रागाला आली, मग घेतलं. सांगायचं राहिलं."

नीलाबाई अहमदपूरला मंडईच्या तोंडाशी बसते. मिरची घेतली तर कोथिंबिरीच्या दोन काड्या, लिंबं घेतली तर वर एखादं, ही तिची सवय साऱ्या बाजाराला माहीत. घरातही सगळ्यांना माहीत होती. पण काल ती कुणाला आठवली नाही. आठवायची कुणाला गरजच वाटली नाही, इतकं दुसरं उत्तर सगळ्यांच्या तयारीचं होतं.

आता कुणी कुणाकडे बघत नव्हतं. उज्वला डोक्यावरचा पदर उगीच पुढे ओढत होती. सिंधुला नवऱ्याची माफी मागावीशी वाटली, पण कशाची ते सांगावं लागलं असतं. किशन नव्या गाडीच्या काचेवर हात ठेवून उभा होता, आणि त्या तीन अक्षरांच्या आत काल संध्याकाळी आपण राशीपाशी काय बोललो ते त्याला स्वच्छ ऐकू येत होतं. अख्ख्या घराची वाटणी एका फुकटच्या लिंबावर मागितली होती त्याने. त्याला मरणाची लाज वाटली.

पिकअप निघाली. नेणाऱ्या माणसाने काचेवरचं रेडियम नखाने खरवडून बघितलं आणि गावात गेल्यावर काढू म्हणाला. 'व्यंकट-किशन' तसंच रस्त्याने गेलं. दोघे भाऊ ते वळणापर्यंत बघत राहिले. मग आपट्याची पानं वाटून झाली. किशन थोरल्याच्या पाया पडला आणि जरा जास्त वेळ वाकून राहिला.

तेवढ्यात शेषेराव ओट्यावरून म्हणाले, "किशन, कालचं बोलायचं का आता?"

म्हाताऱ्याला आडवळण कधी जमलं नाही. किशन ताठ उभा राहिला. "न्हाई, आबा. ते काई न्हाई. रिकामंच होतं."

"काय होतं काल?" व्यंकटने विचारलं.

"रिकामंच, दादा."

व्यंकटने वडिलांकडे पाहिलं. शेषेराव हातातलं पान निरखत होते. त्याने बायकोकडे पाहिलं, तर सिंधु म्हणाली, जेवून घ्या, निवतंय.

जेवायला सगळे एकत्र बसले. सिंधुने ते चौथं लिंबू विळीवर चिरून फोडी करून प्रत्येकाच्या ताटात एकेक ठेवली. खाऊन टाकलं की संपलं, असं तिच्या मनात होतं. वरणभात, पुरण, सगळं गोड होतं. फक्त जेवताना या घरात होतो तो गलका नव्हता. व्यंकटला हे पहिल्यांदाच ऐकू आलं. किशन मान वर करत नव्हता. उज्वलाने वाढताना मीठ दोनदा आणलं. आबांनी, जे रोज थोरल्याला राशीचं विचारायचे, आज धाकट्याला विचारलं. आणि सिंधु, जिला बोलल्याशिवाय घास गिळता येत नाही, ती गप्प जेवत होती. ही माणसं आपल्याला सोडून एकमेकांचं काहीतरी ओळखून आहेत, असं त्याला वाटलं, आणि एकदा वाटलं तसं ते जाईना.

हात धुऊन तो अंगणात आला. पिकअप उभी असायची तिथे ओल्या मातीत कालची चिरडलेली लिंबं पडली होती. त्याने ती मोजली. चार होती. मग तो नव्या गाडीपाशी गेला आणि काचेवरचं नाव वाचलं. ते घालताना त्याला केवढा आनंद झाला होता, आणि आता त्याला वाटलं, आपण घातलं की आपल्याकडून घालून घेतलं? मंडईला मी बसतो, गुडघ्याला आराम दे, असं किशन तर महिन्यापूर्वी स्वतःच म्हणाला होता.

तनुजा ओट्यावर बसून आपट्याची पानं जुळवत होती. व्यंकट तिच्याजवळ जाऊन बसला. नऊ वर्षं या घराचे निरोप या पोरीने इकडून तिकडे नेले होते, एकही शब्द कमी-जास्त न करता.

"तनुजा," त्याने आवाज खाली आणून विचारलं, "काल संध्याकाळी आबाकडं शेतात कोन गेलं होतं गं?"

पोरीने आतल्या दाराकडे पाहिलं. दारात तिची आई उभी होती, आणि आईच्या मागे काकी.

"मला न्हाई माहीत, बाबा," तनुजा म्हणाली.